पेवातला नाग

अभिमन आबांच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. कुंपणाच्या भिंतीवर माणसं, गोठ्याच्या छपरावर माणसं, उभ्या बैलगाडीच्या जुवावरसुद्धा माणसं. ऐन कापूस वेचणीचे दिवस, पण शेतात चिटपाखरू नव्हतं. सगळ्यांच्या माना आबांच्या मागच्या घराकडे, म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराकडे वळलेल्या होत्या. तिथे जीवराम महाराज उभे होते. त्यांच्या हातात लांबलचक बांबू होता आणि बांबूच्या टोकाला तेलात भिजवलेली चिंधी पेटलेली होती.

"कोई आगे नहीं आयेगा!" महाराज गरजले. "नागराज क्रोध में है! ज्याच्या मनात पाप असेल त्यानं मागं सरावं!"

सगळेच मागे सरले. गावात पाप पुष्कळ असावं, निदान नम्रता तरी.

महाराजांनी दूर उभं राहून बांबू दारातून आत सरकवला. क्षणभर काहीच झालं नाही. मग 'भप्प' असा आवाज आला आणि जमिनीलगत, टीचभर उंचीवरून एक निळा जाळ सरसरत गेला. कोपऱ्यातल्या पेवाच्या तोंडावर तो गोल फिरला आणि विझला. बायकांनी किंकाळ्या फोडल्या, कुणीतरी नारळ फोडला.

"बाई, दखं ना तुम्हीन?" आमच्या शाळेचा शिपाई भटू माझ्या शेजारी उभा होता. "फुत्कार टाका ना त्यानी!"

"पाहिलं," मी म्हणाले. मला खरं तर कुठेतरी टेकायचं होतं.

मी आग्रा रोडवरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. सोनगीरहून आत वळलं की हे गाव लागतं आणि इथली निम्मी मुलं माझ्या वर्गात आहेत. सोमवारी बाकं रिकामी दिसली म्हणून चौकशी केली, तर उत्तर मिळालं, 'नाग निघना शे.' मग मी आले सायकल दामटत. एवढ्या वर्षांत मी जिभेवरचा कापूर पाहिला, पाण्यानं पेटणारा होम पाहिला, नारळातून निघणारे केस पाहिले. प्रत्येक वेळी चावडीसमोर उभं राहून तेच करून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चहा पाजला, आणि पुढच्या हंगामात नवा बुवा आणला. आधी मला राग यायचा. आता नुसता शीण येतो.

पेव म्हणजे काय ते नव्या पोरांना सांगावं लागतं. जमिनीखाली खणलेलं धान्याचं कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आबांच्या आजोबांच्या काळात त्यात दादर ज्वारी भरत. आता ते रिकामंच होतं, तोंडावर फरशी टाकून ठेवलेली. पेवाचा एक जुना नियम मात्र गावात लहान पोरालाही ठाऊक असतो. उतरण्याआधी आत पेटता कंदील सोडायचा. तो विझला तर खालची हवा जीव घेणारी आहे, उतरायचं नाही. नियम अगदी खरा आहे आणि त्यानं पुष्कळ माणसं वाचवली आहेत. त्याच नियमानं या गावात एक बाई मरायला निघाली होती.

महाराजांचं म्हणणं असं, की पेवाच्या तळाशी मोहरांचे रांजण आहेत आणि त्यावर नाग बसला आहे. गेले काही दिवस आबांच्या घरात सडक्या कांद्यासारखा वास येत होता, तो त्या नागाचा श्वास. निळा जाळ हा त्याचा राग. महाराजांना स्वतःला भुवया नव्हत्या आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत एक केस नव्हता. भक्तांच्या मते ते तपाचं तेज होतं.

"येत्या शनी अमावास्येला नागराज वाट देणार!" महाराजांनी बांबू जमिनीवर आपटून विझवला. "पण कुणाला? पायाळूला! जो पाय पुढे करून जन्माला आला त्यालाच! आणि या घरात लक्ष्मीनं आधीच पायाळू धाडून ठेवलाय!"

सगळ्यांनी ओसरीकडे पाहिलं. तिथे आबांची सून सुनंदा बाजेवर बसली होती आणि तिची सासू ताईबाई तिला पदरानं वारा घालत होती. सुनंदा माझी जुनी विद्यार्थिनी. दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवले होते तिनं, आणि निकालाच्या आधीच तिचं लग्न लावून दिलं होतं.

गर्दी ओसरली, ताईबाई उठून गेल्या, तेव्हा मी तिच्यापाशी गेले.

"तू उतरणार आहेस त्यात?"

"महाराज म्हनतस मी उतरनी तरच धन भेटी," ती खाली बघत म्हणाली. "हातमा दिवा लिसन उतरनं शे."

"तब्येत कशी आहे तुझी?"

"डोकं दुखस बाई. रांधाले बठनी का गरगरस. सासूबाई म्हनतीस, नागनी नजर लागनी."

"आणि गॅस? तुमच्याकडे आलाय म्हणे."

तिचा चेहरा जरा उजळला. गावातला तो एकच गॅस. धुळ्याच्या जावयानं खटपटी करून मिळवून दिलेला. टाकी आली तेव्हा ताईबाईंनी तिला हळदीकुंकू वाहिलं होतं आणि गाव बघायला लोटलं होतं.

"टाकी लवकर सरी गयी बाई. नवीन लावी तीबी सराले उनी. सासूबाई म्हनतीस नागच पी जास."

"शेगडी कुठे ठेवलीय? ओट्यावर?"

"खालेच. चूल्हा व्हता तठेच. गॅसवाला सांगी गयता ओटा बांधा म्हनीसन. सासूबाई म्हनन्यात, उभं ऱ्हाईसन रांधनं हाटेलवाल्यासनं काम."

"आणि तिथे पूजा कोण करतं?"

"महाराज. दरवेळे जाळ दखाडाना आगोदर एकलाच मजार जातस, दार लाई लेतस. शेगडीले हार घालतस. मग जाळ दखाडालोंग तिले हात लावानी आमले बंदी शे."

मग मला काही विचारायचं उरलं नाही. शेगडी जमिनीवर, पेवाचं तोंड तिच्यापासून दोन हातांवर, फरशी बाजूला काढलेली. जाळ दाखवण्याआधी एक माणूस एकटा आत जातो. बटण फिरवायला कितीसा वेळ लागतो?

"सुनंदा, ऐक. तो नाग नाही, गॅस आहे. तू दिवा घेऊन आत गेलीस तर जळून मरशील. चल, आत्ताच सासऱ्यांना सांगू."

ती हलली नाही. बाजेची दोरी बोटानं ओढत राहिली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "या घरमा माले पह्यलांदा कोनी बस म्हनं. पोरं व्हयनात नही ना माले. आतेलोंग मन्हा हातनं पानीबी कोनी मनपाईन पिनं नही. आते सासूबाई माले चांदीना ताटमा वाढतीस."

याचं उत्तर विज्ञानाच्या पुस्तकात नसतं.

अभिमन आबांना मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला गाठलं. भला माणूस, पण एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि हसले.

"बाई, तुम्हीन मास्तरीन, आम्हीन अडानी. पन मी इतलं जानस, धूर वर जास, वाफ वर जास, मग गॅस खाले पेवमा कसा जाई? धाबाले भोक शे, वर दखा. वास उना तर तठून निंघी जाई."

"आबा, हा गॅस हवेपेक्षा जड असतो. पाण्यासारखा उताराला वाहतो आणि खड्ड्यात साचतो."

"गॅस जड!" आबांनी बसलेल्या मंडळींकडे पाहिलं. मंडळी हसली. "मग फुगा कसा उडस बाई?"

वेगवेगळे गॅस वेगवेगळे असतात हे मी सांगेपर्यंत विषय रांजणांवर गेला होता. तिथून मी पोलीस पाटील भाईदास यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "लेखी द्या." लेखी दिलं. त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि विचारलं, "बाई, रांजण निघाले तर सगळेच सरकारजमा होतात का हो?"

आठवडाभर मी येईल त्याला सांगत राहिले. आबांकडे पुन्हा गेले तर त्यांनी अंगणातूनच हात जोडले. ऐकणारा मान डोलवायचा आणि शनिवारी काय होईल ते मलाच विचारायचा.

अमावास्येच्या सकाळी मी पोचले तेव्हा अंगण भरून लोक रस्त्यावर उभे होते. मी सायकल भिंतीला टेकवली आणि तिथेच थांबले. सोमवारी तो वास स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिल्यावर येत होता. आज तो गोठ्यापाशीच आला. महाराजांना आज मोठा चमत्कार हवा होता. आजूबाजूच्या गावांहून माणसं आली होती, तेव्हा बटण नेहमीसारखं थोडा वेळ नाही, बराच वेळ फिरवलेलं असणार. पेव भरलं असणार, घरही भरलं असणार. मी घाबरले. सगळा शीण कुठल्या कुठे गेला.

"बाजूला व्हा! अरे, बाजूला व्हा!"

कोपरं मारत मी दारापाशी पोचले. सुनंदाला हिरवी साडी नेसवली होती. तिच्या कमरेला दोर होता आणि त्याचं दुसरं टोक तिच्या नवऱ्यानं, पुनानं, धरलं होतं. ताईबाईंच्या हातात आरतीचं ताट होतं, ताटात निरांजन. सुनेला ओवाळून त्या तो दिवा तिच्या हातात देणार होत्या. उंबरा चार पावलांवर होता.

मी वाकले आणि फुंकर मारून दिवा विझवला. ताटातली काडेपेटी उचलून मुठीत घट्ट धरली.

दिवा फुंकून विझवू नये हे खान्देशात काय, अख्ख्या महाराष्ट्रात ठाऊक आहे, आणि मी तो भरल्या अमावास्येला, सवाष्णीसमोर फुंकला होता.

"दिवा फुका!" ताईबाईंचा आवाज फुटला. "माय वं! सवासिननापुढे दिवा फुका!"

आबा हात उगारून पुढे आले.

"मारायचं तर नंतर मारा आबा," मी म्हणाले. "आधी चिलीम, विडी, जे काही पेटलेलं असेल ते अंगणाबाहेर न्या. आणि महाराजांना एक विनंती करा. आज बांबू नको. त्यांनी न पेटवलेला दिवा घेऊन पेवापाशी जावं आणि तिथे काडी ओढावी. नागराज त्यांच्या ओळखीचे आहेत."

काडेपेटी मी देणार नव्हतेच. पण महाराजांना ते कुठे माहीत होतं?

"हम पायाळू नहीं हैं!" महाराज म्हणाले.

"सोमवारीही नव्हतात. तरी जाळ पेटवलात ना? मग लांबून कशाला? ही पोर आत जाऊ शकते, तुम्ही का नाही?"

"नास्तिक औरत! तुझा सर्वनाश—"

"माझा नंतर बघू. तुम्ही आत जा."

महाराज एक पाऊल मागे सरले. मग आणखी एक. झुलाल नाना नावाचे एक म्हातारे भिंतीशी बसले होते. त्यांनी पुनाच्या हातातून दोराचं टोक घेतलं आणि महाराजांपुढे धरलं.

"जा ना महाराज मजार. आम्हीन धरतस दोर. काही व्हयनं तर वढी लेसूत."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांच्या बिनभुवयांच्या कपाळावर घाम फुटला. त्यांनी हात जोडून काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली, पण पाय दाराच्या उलट दिशेला चालले होते.

सुनंदा त्यांच्याकडेच बघत होती. आठवडाभर मी जे सांगून तिला पटलं नव्हतं, ते तिला त्या पायांवरून पटलं. तिनं कमरेचा दोर सोडला.

"बाई, कसं बंद करू?"

"मी जाते."

"तुमले मन्हं घर माहित नही. सांगा."

तिचं खरं होतं. मला टाकी कुठे आहे हेही माहीत नव्हतं. "पदर ओला करून नाकाला लाव. श्वास रोखून जा. आधी शेगडीचं बटण, मग टाकीवरचं. मागचं दार उघड आणि लगेच बाहेर ये."

"मजार अंधारं शे," पुना म्हणाला आणि दाराशेजारच्या बटणाकडे त्याचा हात गेला. "लाईट लावू का?"

"नको!" मी इतक्या जोरात ओरडले की त्याचा हात तिथेच थबकला. दिव्याच्या बटणातली एवढीशी ठिणगीही पुरे होती.

सुनंदा आत गेली. सगळे श्वास रोखून उभे होते, जणू तिच्या वाटचा श्वासही आपणच रोखायचा. मागचं दार करकरलं. मग घराला वळसा घालून ती खोकत खोकत पुढे आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मुठीत झेंडूचा हार होता.

"शेगडीनं बटन फिरेल व्हतं," ती म्हणाली. "हारखाले झाकेल व्हतं."

"कोनी फिरावं?" आबांनी विचारलं.

मग ताईबाई बोलल्या. सोवळ्याची राखण त्यांचीच होती, त्या रात्रभर दारात झोपल्या होत्या. "आज पहाटे महाराज पूजाले गयथात," त्या सावकाश म्हणाल्या. "त्यासले सोडी मजार कोनीच गयं नही."

"नागराज ने घुमाया होगा!" महाराज म्हणाले.

"नागले हात कधी फुटनात महाराज?" झुलाल नानांनी विचारलं, आणि मग अख्खं अंगण हसलं.

हसू आलं ते बरं झालं, नाही तर लोकांनी त्याला तिथेच तुडवला असता. मारू नका म्हणून मी सांगितलं, भाईदास पाटलांनी त्याला बाजूला घेतलं आणि पाणी पाजलं. तेव्हा त्यानं तोंड उघडलं. तो पूर्वी हायवेवरच्या एका हॉटेलात भटारी होता. तिथे एकदा टाकी गळत होती आणि त्यानं काडी ओढली. भुवया त्याच दिवशी गेल्या. जाळ जमिनीवरून पळतो आणि खड्ड्यात शिरतो हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. आबांचा नवा गॅस आणि त्याशेजारचं जुनं पेव बघून त्याचं डोकं चाललं. धन निघत नाही असं दिसलं की नाग फार रागावलाय म्हणून शांतीसाठी देणगी मागायची, एवढाच त्याचा बेत होता.

"आणि पोर मेली असती तर?" मी विचारलं.

"इतलं पेटी असं माले वाटनं नही," तो म्हणाला. त्याचं हिंदी गळून पडलं होतं.

दुपारभर आम्ही पेवातून गॅस काढत होतो. पिकाची उफणणी करायचा हातानं फिरवायचा पंखा पेवाच्या तोंडाशी लावला आणि गडी आलटून पालटून तो फिरवत राहिले. तोवर मी खळ्यावर, घरापासून दूर, एक पत्र्याची पन्हळ तिरकी लावली. खालच्या टोकाला मेणबत्ती पेटवली. वरच्या टोकाला वाटी ठेवली आणि वाटीत भाईदासांच्या राजदूत मोटारसायकलमधलं थोडंसं पेट्रोल कापसावर घेतलं. पेट्रोलची वाफही हवेपेक्षा जड असते. लोक गोल करून लांब उभे राहिले. थोड्या वेळानं मेणबत्तीपासून एक जाळ निघाला आणि पन्हळीतून सरसरत वाटीपर्यंत चढला.

"वाटी वर, मेणबत्ती खाली," मी म्हणाले. "वाफ कुठून कुठे गेली? सांगा आबा."

आबांनी वाटीपासून मेणबत्तीपर्यंत हवेत बोट फिरवलं. "खाले उनी," ते म्हणाले. "वरतीन खाले."

"तुमच्या धाब्याचं भोक धुरासाठी आहे. या गॅसला ते उपयोगाचं नाही. त्याला खालची वाट लागते, दार उघडं लागतं. आणि पेवात कंदील सोडायचा नियम विषारी हवेसाठी आहे. हा गॅस दिवा विझवत नाही, पेटतो."

पेव बघायचं ठरलं तेव्हा मी दिवा आणू दिला नाही. पुनानं आरसा आणला. दारातून ऊन आरशावर घेऊन आम्ही ते पेवात सोडलं. तळ लख्ख दिसला. दादरीचा जुना कोंडा होता आणि एक फुटकी घागर होती. गावानं रांग लावून डोकावून पाहिलं. आबांनी सगळ्यांत शेवटी पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "बाई, आखो खाले खंदीसन दखानं का?"

मी सायकलीकडे चालू लागले. त्या माणसाची सून सकाळी मरता मरता वाचली होती, आणि त्याला अजून खणायचं होतं.

सुनंदा गोठ्यापाशी उभी होती.

"बाई, तुम्हीन माले वाचाडं," ती म्हणाली. "पन आते मी परत तीच. सासूबाईनी चांदीनं ताट आतेच कपाटमा ठेयं."

"राग आला माझा?"

"तुमना नही." तिनं डोळे पुसले. "धनसाठे माले खड्डामा सोडतस, नही तर धुनंभांडं. या दोन्हीसना मधमा काही नही का बाई?"

मी विचार केला. तिला खोटा धीर द्यायची माझी इच्छा नव्हती. सासूला मी बदलू शकत नव्हते, गावालाही नाही. "आहे," मी म्हणाले. "रविवारी शाळेत ये. आजूबाजूच्या गावांत आता गॅस येणार, आणि बायकांना कुणी काही सांगणार नाही. तू सांग. तू आत जाऊन आलीस."

"माले कोन आयकी?"

"ये तर खरी."

ती आली. तीसेक बायका आल्या होत्या, निम्म्या तमाशा बघायला. सुनंदा फळ्याशी उभी राहिली, पदर दोनदा सावरला आणि मग सरळ बोलायला लागली. शेगडी ओट्यावर ठेवायची, टाकी खाली आणि उभी, आडवी कधी नाही. टाकी खड्ड्यात, पेवाजवळ, बंद कपाटात ठेवायची नाही. रबराची नळी दर काही दिवसांनी बघायची, चिरली की बदलायची. गळती शोधायला काडी ओढायची नाही, साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले की समजायचं. आधी काडी पेटवायची, मग बटण फिरवायचं. झोपताना टाकीवरचं बटण बंद. वास आला तर चूल, दिवा, चिमणी, बत्तीचं बटण, कशालाच हात लावायचा नाही. गॅस बंद करायचा, दारं खिडक्या उघडायच्या, घराबाहेर पडायचं आणि गॅसवाल्याला बोलवायचं.

"आनि ऐका," ती म्हणाली, "गॅसले सोताना वास ऱ्हास नही. बाईनी सांगं माले. तो वास मुद्दाम मिसाडेल ऱ्हास, आपले समजाले पाहिजे म्हनीसन. आम्हीन त्या वासले अगरबत्ती लावी."

मागून भिकूबाई नावाच्या एका म्हातारीनं हात वर केला. "सुनंदा, तू पायाळू शे म्हनीसन तुले हाई बठ्ठं समजनं का वं?"

मी डोळे मिटून घेतले. एवढं सगळं झालं, आणि तरी पायाळूच!

पण सुनंदा चिडली नाही. "नही, भिकूमाय," ती म्हणाली. "माले नाक शे. तुमलेबी शे. वास पह्यला दिनपाईन आपले बठ्ठासले येत व्हता."

मला इतक्या वर्षांत याहून सोपं सांगता आलेलं नाही, म्हणून तेवढंच तुमच्यापुढे ठेवते. वास आला तर वासाचं नाव बदलणाऱ्याचं ऐकू नका. तो कुठून येतो ते बघा. आणि कुणी म्हणालं की बघायची गरज नाही, नुसता विश्वास ठेवा, तर आधी त्यालाच आत जायला सांगा.